आरसे धुवायचं पाणी

काष्टीच्या एका दूधवाल्याने पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या ह्या आरशात बघून म्हैस बुजली आन् तिनं दूध चोरलं, तर जिम्मेदारी कुनाची?"

त्याला दुधाचे कॅन धुवायला रोज गरम पाणी लागायचं आणि ते उन्हावर तापवून देणारे आरसे गोठ्याशेजारी बसवायला मी गेले होते. माझ्याकडे नकाशे होते, उन्हाचा कोन मोजायचं साधन होतं, पण म्हशीवर उत्तर नव्हतं. शेवटी आरशांची पाठ गोठ्याकडे येईल अशी मांडणी केली. दूध काही आटलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो आल्यागेल्याला सांगायचा, "बाईंनी आधी म्हशीचा सोभाव बघितला, मगच आरसे बसवले." माझ्या कामाला इतकं चांगलं प्रशस्तिपत्र नंतर कुणी दिलं नाही.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातात पोथी असायची, नाहीतर खडू. वडील राहुरीला हायस्कुलात शिकवायचे, आई प्राथमिक शाळेत. पाना आणि हातोडी धरणारी मी पहिलीच. नगरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी नोकरीला लागले, आणि उन्हावर वाफ करण्याच्या धंद्यात जी पडले ती निवृत्तीपर्यंत त्यातच राहिले. सौर म्हटलं की लोकांना निळ्या काचेची पॅनेलं आठवतात, त्यांच्यापासून वीज होते. आमचा प्रकार वेगळा. आम्ही उन्हाची वीज करत नव्हतो, उन्हाचा चटकाच वापरायचो. एका खोलीएवढ्या लोखंडी सांगाड्यावर आरशाचे शेकडो तुकडे बसवायचे, म्हणजे सगळं ऊन एका परातीएवढ्या जागेवर गोळा होतं. त्या जागी पाण्याने भरलेलं लोखंडी भांडं ठेवलं की पाण्याची वाफ होते. ती वाफ नळीतून खाली स्वयंपाकघरात नेली की भात, डाळ, भाजी शिजते. अशा एका सांगाड्याला आम्ही डिश म्हणायचो, गावकरी उलटी छत्री म्हणायचे. डिशला एक छोटी मोटर असते. सूर्य सरकेल तशी ती डिश सरकवत राहते. धंदा एवढाच. फक्त वाफेवर फोडणी बसत नाही आणि भाकरी होत नाही. त्यामुळे एकूणएक स्वयंपाकिणींनी पहिल्या दिवशी माझ्याकडे दयेने पाहिलेलं आहे.

आज या धंद्याला उतरती कळा लागली आहे. पॅनेलं स्वस्त झाली, ती बसवायला सोपी, आणि त्यांच्यापुढे कुणाला वाफेच्या नळ्यांची उस्तवार करत बसायचं नसतं. मी बसवलेल्या काही डिश भंगारात गेल्या. एकीवर तर आता दोडक्याचा वेल चढलाय, तो मी स्वतः पाहिला. वाईट वाटतं. पण एका गावात जे झालं ते आठवलं की ते वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही. तेच सांगते.

पाथर्डीच्या पलीकडे, बीडची हद्द जवळ येते तिथे, मुलामुलींची एक निवासी शाळा आहे. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. कोयता गळ्यात पडू नये म्हणून मुलांना शाळेत ठेवतात. ती मुलं तिथेच राहतात, तिथेच जेवतात. पूर्वी स्वयंपाक लाकडांवर व्हायचा. मग गावाने डोंगरावर झाडं लावली आणि हिवरे बाजारचं बघून कुऱ्हाडबंदी केली. शाळेला लाकूड मिळेना, आणि गॅसची गाडी त्या रस्त्याने कधी यायची तर कधी नाही. म्हणून शाळेच्या गच्चीवर आम्ही दहा डिश बसवल्या. मुख्याध्यापक दहिफळे सर हौशी माणूस. पहिल्या दिवशी वाफेवर भात शिजला तेव्हा त्यांनी मुलांना रांगेने गच्चीवर आणून सूर्याला नमस्कार करायला लावला.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एक वर्ष असं आलं की पाऊस जवळपास झालाच नाही. होळीच्या आधीच गावच्या विहिरींनी तळ दाखवला आणि टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी गावच्या टाकीत पडायचं आणि त्यातला ठरलेला वाटा शाळेला मिळायचा.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही. उन्हाच्या यंत्राला पाणी लागतं. वाफ करायला लागतं ते थोडं, पण आरसे धुवायलाही लागतं. त्या भागात रस्त्याची धूळ, ज्वारीच्या मळणीचं भूस, सगळं येऊन आरशावर बसतं. आरसा धुरकटला की ऊन नीट गोळा होत नाही. पंधरा दिवस धुतलं नाही तर बाराचा भात दोनला शिजतो, आणि मग मुलं ताटं वाजवतात. म्हणजे जिथे ऊन भरपूर तिथे धूळही भरपूर, आणि ती धुवायला जे लागतं तेच तिथे नाही.

त्या दिवशी मी आणि आमचे फिटर रफिकभाई देखभालीसाठी शाळेत गेलो होतो. रफिकभाई माझ्याच वयाचे. आमचं निम्मं आयुष्य एकाच जीपमध्ये गेलेलं. ते नळी धरून आरशांवर पाणी मारत होते आणि मी मागून रबरी पट्टीने ते निपटत होते. खाली पडलेलं पाणी गच्चीच्या पन्हाळीतून भिंतीवर आणि भिंतीवरून रस्त्यावर ओघळत होतं. खालून हंडे घेऊन बायका टाकीकडे चालल्या होत्या. त्यातल्या एकीने वर पाहिलं. थोड्या वेळाने गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली.

गावच्या सरपंच जिजाबाई वर आल्या. साधारण पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. त्यांनी आरशांकडे पाहिलं, पन्हाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, हे काय चाललंय?"

"आरसे धुतोय."

"का? त्वांड बघायचंय का कुनाला?"

रफिकभाईंनी नळी बंद केली. मी समजावून सांगायला लागले की आरसे स्वच्छ नसले तर वाफ होत नाही, वाफ नाही तर जेवण नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरांच्या जेवनाला कोन न्हाई म्हनतंय?" त्या म्हणाल्या. "पर खाली बायका चार हंड्यासाठी भांडत्यात, आन् वर तुमी काचंला आंघोळ घालताय. हे कसं दिसतं ते खाली उतरून बघा एकदा."

मी उतरले आणि रस्त्यावर उभं राहून पाहिलं. भिंतीवरून येणारं पाणी मातीत जिरत होतं आणि एक कुत्रं ते चाटत होतं. जिजाबाईंचं म्हणणं खरं होतं. आमचंही खरं होतं, हीच अडचण होती.

चार दिवसांनी ग्रामसभा भरली. मला बोलावणं आलं. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि त्या दिवशी बायकांची बाजू मोठी होती. मुद्दा एकच होता, आरशांचं पाणी बंद करायचं. दहिफळे सर उभे राहिले.

"आरसे बंद पडले तर मी स्वयंपाक कशावर करू?" ते म्हणाले. "कुऱ्हाडबंदी आपणच केली. मी झाडं तोडणार नाही. गॅस वेळेवर येत नाही. पोरं घरी पाठवू म्हणता, तर घरी आहे कोण? आईबाप तिकडे फडात."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मंग काढा ते आरसे आन् विका." त्यावर बरेच जण हसले. शाळेच्या संस्थेचे एक पदाधिकारी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मान डोलावली. तेव्हा मला कळलं की हे नुसतं हसण्यावारी जाणार नाही.

मी उठले. शाळेच्या मागे एक बोअर होतं. त्याला पाणी होतं, पण इतकं खारट की जनावरंही तोंड लावून मान फिरवायची. त्याच्यावर झाकण टाकून ठेवलं होतं. आणि आमच्या डिश दुपारचं जेवण झालं की रिकाम्या असायच्या. एक वाजल्यापासून पाच वाजेपर्यंतचं ऊन, म्हणजे जवळपास अर्ध्या दिवसाचं ऊन, आम्ही रोज वाया घालवत होतो. त्या वाफेवर खारं पाणी उकळायचं, त्याची वाफ वेगळी थंड करायची, की गोडं पाणी मिळतं. मीठ मागे राहतं. शाळेत सगळेच शिकतात हे. ते मी सभेत मांडलं.

"गावाला पुरंल का?" जिजाबाईंनी विचारलं.

"नाही. खोटं बोलणार नाही. गावाची तहान त्यात भागायची नाही. पण आरशांना टँकरचा थेंब लागणार नाही, आणि वर उरेल ते अंगणवाडीच्या पोरांना प्यायला."

"आन् मागं राहील ते खारट पानी? ते कुनाच्या वावरात सोडनार?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, पण तो रास्त होता. अशा पाण्याने जमीन कायमची जाते. मी म्हटलं, शेततळ्यात अंथरतात तो प्लास्टिकचा कागद टाकून उथळ खड्डा करू आणि त्यात ते उन्हानेच वाळवू. मीठ खरवडून काढता येईल.

जिजाबाईंनी बायकांकडे पाहिलं. त्यांच्यात काहीतरी कुजबुज झाली. "एक महिना," त्या म्हणाल्या. "तवर आरसे पुसा, धुवू नका. महिन्यानं पानी न्हाई निघालं, तर आरसे निघतील."

तो महिना मला अजून लख्ख आठवतो. कोरड्या फडक्याने आरसे पुसले की धुळीचे कण घासून ओरखडे उठायचे. ते बघवत नव्हतं. जेवणाला रोज उशीर व्हायचा. स्वयंपाकिणी माझ्याशी अगदी सभ्यपणे बोलायला लागल्या, ते जास्त लागायचं. रफिकभाईंनी राहुरीकडच्या एका बंद पडलेल्या डेअरीतून स्टीलची दुधाची जुनी टाकी आणली. तिच्यात वाफेच्या नळीचं वेटोळं बसवलं. खाऱ्या पाण्यातून निघालेली वाफ थंड करायला पुन्हा गार पाणी लागतं, आणि तेच तर नव्हतं. म्हणून बोअरमधून येणारं खारं पाणी आम्ही आधी त्या थंड करायच्या नळीभोवती फिरवलं आणि मग टाकीत सोडलं. ते वाफेला गार करायचं, आणि स्वतः कोमट होऊन उकळायला जायचं. ही युक्ती जगात जुनीच आहे, पण शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती चालताना पाहून मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

चाचणीच्या दिवशी निम्मं गाव जमलं. दुपारी तीनच्या सुमारास नळातून थेंब पडायला लागले, मग बारीक धार. टाळ्या झाल्या. जिजाबाईंनी पेला भरला, घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं. पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

मी प्यायले. पाणी खारट होतं. बोअरइतकं नाही, पण खारटच.

"हे तर आपलंच हाय," मागून एक म्हातारा म्हणाला. "बाईंनी नुसतं तापवून दिलं."

त्या दिवशी जे हसले त्यांच्यावर मला राग आला नाही. मीही त्या जागी हसले असते. गर्दी पांगली. रफिकभाई शेडच्या कडेला पाय पसरून बसले आणि बिडी पेटवून म्हणाले, "मॅडम, टाकी दूध विसरली नाही. उतू जातेय."

आम्ही झाकण उघडून पाहिलं. तसंच झालं होतं. पाणी फेसाळून उकळत होतं आणि फेसाचे शिंतोडे वाफेबरोबर वर जाऊन गोड्या पाण्यात मिसळत होते. साखर कारखान्यात रस आटवतात त्या भांड्यांची डोकी उंच असतात, ती याचसाठी. शिंतोड्यांना वर पोचायला जागा लांब पडली पाहिजे. मग टाकीवर आम्ही माणूसभर उंचीचं पत्र्याचं नळकांडं चढवलं आणि आत आडवे पत्रे असे लावले की वाफेला वळणं घेत वर जावं लागेल. वाफ वळते, थेंब वळत नाही. तो पत्र्यावर आपटून खाली पडतो. आणि उकळण्याचा जोर कमी केला. धार आधीपेक्षा बारीक झाली. रफिकभाईंनी तीन दिवस त्या शेडमध्ये वेल्डिंग केलं. बाहेर ऊन आणि आत ठिणग्या. मी त्यांना ताक नेऊन द्यायचे, तेव्हा ते म्हणायचे, "ऊन कमी होतं म्हणून मी आणखी आणलं."

दुसऱ्या खेपेला गाव जमलं नाही. जिजाबाई एकट्या आल्या, हातात घरचा तांब्या घेऊन. मी आधी चाखलं नव्हतं. म्हटलं, जे व्हायचं ते त्यांच्यासमोरच होऊ दे. त्यांनी तांब्या धारेखाली धरला, थोडं भरल्यावर वरून तोंडात ओतलं, आणि बराच वेळ तसंच तोंडात घोळवलं.

"खारट न्हाई," त्या म्हणाल्या.

मी तांब्या घ्यायला हात पुढे केला.

"पर याला चवच न्हाई की, बाई. हे पानी हाय का नुसतंच वलं?"

वाफ थंड करून मिळालेलं पाणी तसंच लागतं, निव्वळ. त्यात काहीच विरघळलेलं नसतं. पाण्याची चव म्हणजे त्यातली माती आणि क्षारच की. मी बोअरचं खारं पाणी वाटीभर आणून त्यांच्या तांब्यात अगदी थोडं घातलं आणि हलवून दिलं. त्यांनी पुन्हा घोट घेतला. या वेळी तोंड वाकडं झालं नाही. त्यांनी तांब्या रफिकभाईंपुढे केला, मग माझ्यापुढे. त्या पाण्याची चव कुठल्याशा जुन्या विहिरीसारखी होती.

"आता लागतंय गावाचं," जिजाबाई म्हणाल्या.

आरसे राहिले. पुढच्या ग्रामसभेत त्यावर चर्चासुद्धा झाली नाही, आणि आमच्याकडे याहून मोठी मंजुरी नसते. रोज दुपारी शेडमध्ये जे पाणी निघायचं त्यातलं काही आरशांना लागायचं. त्या पाण्याने धुतलेल्या आरशावर पांढरे डाग राहत नाहीत, त्यामुळे भात पूर्वीपेक्षा लवकर शिजायला लागला. स्वयंपाकिणी माझ्याशी पुन्हा मोकळेपणाने भांडू लागल्या. बाकीचं अंगणवाडीत जायचं, खाऱ्या पाण्याचा हात लागून. आणि एक गिऱ्हाईक असं उभं राहिलं ज्याचा मी विचारच केला नव्हता. ट्रॅक्टरवाले. बॅटरीत घालायला हेच निव्वळ पाणी लागतं आणि त्यासाठी त्यांना पाथर्डीला जावं लागायचं. ते बाटल्या घेऊन शेडपाशी उभे राहायला लागले. दहिफळे सर कडक होते. आधी अंगणवाडी, मग आरसे, मग ट्रॅक्टर. एकदा संस्थेच्या त्या पदाधिकाऱ्यांचा ड्रायव्हर बाटली घेऊन आला होता, त्यालाही त्यांनी रांगेत उभं केलं.

मला त्या गावाला वरचेवर जायचं काहीच कारण उरलं नव्हतं, तरी मी जायचे. शेडमधल्या धारेचा आवाज ऐकायला बरं वाटायचं. गावाची तहान आम्ही भागवली नाही, टँकर उन्हाळाभर येतच राहिला. पण एका ठिकाणचं भांडण मिटलं, पोरं वेळेवर जेवली, आणि झाकून ठेवलेल्या बोअरवरचं झाकण निघालं. नोकरीतून यापेक्षा जास्त काही मिळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

वैशाखात अक्षय्य तृतीया आली. त्या भागात घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीचा करा पाण्याने भरून ठेवतात, वर आंबा ठेवतात, पुरणपोळी करतात. त्या दिवशी सुट्टी होती, पण वाफेच्या एका झडपेची तक्रार होती म्हणून मी एकटीच गेले होते. दुपारी झडप बदलून मी शेडमध्ये हात पुसत होते, तर दारात जिजाबाई. नवं लुगडं, हातात कोरा करा.

"बाई, जरासं पानी पायजे," त्या म्हणाल्या. "पूजेला."

"घ्या की. पण आज टँकर आला होता ना?"

"आला हुता. घरी भरलंय." त्यांनी पदराने करा पुसला. "हा करा सासूच्या नावाचा हाय. हे बोर पाडलं तवा ती हयात हुती. पानी लागलं म्हनून पेढे वाटले हुते तिनं. मंग चाखलं, तर हे असं. त्याच्यावर परत डोंगराच्या पल्याडनं डोक्यावर पानी आनायला लागली ती, गेली तवरोक. तिला ह्याच बोरचं पानी द्यायचंय. गोड झालेलं."

मी नळाखालचं भांडं बाजूला केलं. त्यांनी करा दोन्ही हातांनी धरून धारेखाली नेला. ऊन उतरायला लागलं होतं आणि धार फारच बारीक झाली होती, जवळजवळ थेंबांवर आलेली. कोरी माती पहिलं पाणी पिऊन टाकत होती, ते तळाशी दिसतच नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "थांबा, वर जाऊन डिशचा कोन जरा सरकवून येते, म्हणजे धार वाढेल."

"ऱ्हाऊ द्या," जिजाबाई म्हणाल्या. करा त्यांनी तसाच धरून ठेवला होता. "भरू द्या सावकाश. आज तिला कुटं जायचं न्हाई."